आई रडत नव्हती : पुण्यातल्या मराठी प्रकाशकांना खुले पत्र

पुण्यातल्या समस्त मराठी प्रकाशक मंडळींना,

स. न. वि. वि.

मी एम.ए. मराठीची विद्यार्थिनी. गाव बार्शीकडचं, मुक्काम सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. पहिलं वर्ष संपता संपता आम्हाला चार क्रेडिटची ऑन जॉब ट्रेनिंग करावी लागते. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून ती सुरू झाली आणि वर्गात तिला सगळे ओजेटी म्हणतात. मैत्रिणींनी कुणी शाळा धरली, कुणी वर्तमानपत्र, एकीने थेट जाहिरात कंपनी. मी तुमच्यापैकी एकांकडे आले. कागदावर काम १२० तासांचं होतं. मी एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत तिथे होते, कारण हातात घेतलेलं पुस्तक अर्धवट टाकून उठवेना.

त्या प्रकाशकांचं नाव इथे देत नाही. एक तर त्यांनी भर उन्हाळ्यात मला पंख्याखालची खुर्ची दिली होती. दुसरं म्हणजे हे पत्र त्यांच्या एकट्याबद्दल नाही. त्यांच्या जुन्या फायली शोधत मी नारायण पेठ, बुधवार पेठ आणि टिळक रोडच्या आतल्या गल्ल्यांतल्या चार डीटीपी सेंटरांत, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पानं लावून देणाऱ्या ठिकाणी, जाऊन आले. ती सेंटरं तुमचीही कामं करतात. तिथे जे पाहिलं ते सगळीकडे सारखंच होतं, म्हणून पत्र सगळ्यांना.

पहिला आठवडा वाया गेला, हे आधी सांगून टाकते. ‘डिजिटल’ म्हटलं की सोशल मीडिया, असा समज असल्यामुळे मला पुस्तकांतली वाक्यं सूर्यास्ताच्या फोटोंवर चिकटवायला बसवलं. एका ग्रामीण कादंबरीतली शिवी मी चुकून पोस्टमध्ये घेतली आणि तीच सगळ्यात जास्त पसरली. त्यानंतर ते काम माझ्याकडून काढून घेण्यात आलं आणि माझ्यासमोर एक खोका आला.

बुटांचा खोका. आत सीडी. काही कागदी पाकिटांत, काही नुसत्याच एकमेकींवर घासत. वर स्केच पेनने लिहिलेलं : ‘कादं. आ. २, प्रूफ ३ नंतर’, ‘फायनल, हीच घ्या’, ‘ही नको’. “यांची ई-बुकं करायची,” साहेब म्हणाले, “दोन महिन्यांत जितकी होतील तितकी.” ऑफिसातल्या चारही संगणकांना सीडी घालायची जागाच नव्हती. वर्गातल्या एका मुलाकडून यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह मागून आणला, तेव्हा कुठे पहिली फाइल उघडायची वेळ आली. उघडायला पेजमेकर पाहिजे, पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. ती चालणारा एक संगणक एका सेंटरात कोपऱ्यात सापडला, पाठीमागे फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे त्याच्या परवान्याची किल्ली, खोचलेला. तिथल्या ऑपरेटर ताई म्हणाल्या, “त्या डोंगलला हात लावू नकोस गं. तो गेला की आम्ही गेलो.”

फाइल उघडली. पडद्यावर सुरेख मराठी. मी एक परिच्छेद उचलून साध्या नोटपॅडवर टाकला आणि मराठी गायब. त्या जागी कंस, डॉलर, टक्क्याची खूण, डोक्यावर दोन टिंबं असलेली परदेशी अक्षरं.

तुमच्यातल्या काहींना हे पाठ आहे, पण ज्यांनी हे सगळं कायम ऑपरेटरवर सोपवलं त्यांच्यासाठी लिहिते. जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. त्याच्याकडे साठलेली असतात इंग्रजी कीबोर्डावरची अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्यावर मराठीचं सोंग चढवतो. तेही अख्ख्या अक्षराचं नाही, तुकड्यांचं. अर्धा ‘त’ वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा. कोणत्या तुकड्याला कोणतं चिन्ह, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं. फॉन्ट बदलला की सगळं सोंग उतरतं. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभर एकच ठरलेल्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत, ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो मोबाइलवर, संगणकावर, कुठेही ‘क’च राहतो.

त्या फॉन्टांना नावं ठेवायला मी बसलेली नाही. संगणकावर देवनागरी आणण्याचं कितीतरी काम याच शहरात झालं. सीडॅक ही सरकारी संगणक संस्था १९८८ मध्ये इथे उभी राहिली, श्रीलिपी हे फॉन्टचं सॉफ्टवेअरही पुण्याचंच. खिळे जुळवणाऱ्या हातांना त्यांनी मोकळं केलं आणि मराठी पुस्तक देखणं केलं. प्रश्न पुढचा आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्ट आला, म्हणजे साध्या संगणकावर युनिकोड मराठी लिहिता येऊ लागून पाव शतक झालं. तरी मी गेलेल्या चारपैकी तीन सेंटरांत या उन्हाळ्यात छापायला जाणारी नवी पुस्तकंसुद्धा जुन्याच फॉन्टांत लागत होती. म्हणजे खोक्यात अजून भर पडतेच आहे.

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर असतात. एक चालवून पाहिला. ‘कार्यकर्ता’चा ‘कायर्कतार्’ झाला. रफार जुन्या पद्धतीत अक्षराच्या नंतर टाइप होतो, तो कन्व्हर्टरने नेऊन पुढच्या घरात बसवला. ऱ्हस्व वेलांट्या शेजारणीच्या डोक्यावर. ‘बुद्धी’तला ‘द्धी’ त्याला ओळखूच आला नाही, तो त्याने गाळला. पन्नासेक ठिकाणी लोकांची नुसती ‘बु’ उरली. ओळ जुळवण्यासाठी ऑपरेटरने हाताने टाकलेल्या जोडरेघा ओळीच्या मधोमध आल्या आणि ‘महा-राष्ट्र’ दुभंगला.

ह्या चुका निदान डोळ्याला टोचतात. टोचत नाहीत त्या घातक. कादंबरीत लग्नाचा प्रसंग आहे, पंगती उठतायत, आणि आचाऱ्यांनी आमटीत मीठ जास्त टाकलंय. कन्व्हर्टरने मराठीचा ‘ऱ्या’तला तो अर्धचंद्राकृती ‘र’ रफारात बदलला आणि आमटीत मीठ टाकलं ‘आचार्यांनी’. पुढची दोन पानं आचार्यांच्या हातात वांगी, आचार्यांच्या ओठांत बिडी, आचार्यांना वधूपिता झापतो. शब्द शुद्ध, वाक्य शुद्ध. कुठलाही शुद्धलेखन तपासनीस ते अडवणार नाही. हेच दुसऱ्या एका प्रवासवर्णनात झालं, तिथे सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ होत्या, त्यांचा ‘दर्या’ झाला. हिंदीला या ‘ऱ्या’ची गरज नाही, त्यामुळे हिंदी नजरेसमोर ठेवून केलेल्या साधनांना आपली ही अडचण दिसतच नाही.

‘ॲ’चंही एक प्रकरण आहे. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधी लोक ‘अ’वर अर्धचंद्र ठेवायचे, किंवा हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरायचे. डोळ्याला पहिले दोन सारखेच दिसतात. संगणकाला तिन्ही वेगळे. एकाच पुस्तकात मला ‘ॲडमिशन’ तीन तऱ्हेने सापडलं, म्हणजे वाचकाने शोधलं तर त्याला तिसरा हिस्सा मिळणार. तुम्ही ई-बुकाच्या जाहिरातीत ‘शोधण्याची सोय’ असं लिहिता, म्हणून सांगितलं.

आता मूळ गोष्टीवर येते. ती मला त्या खोक्याने नाही, मुद्रितशोधक काकांनी दाखवली.

काका मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, कर्वेनगरहून बसने. सत्तरी ओलांडलेली. पिशवीत लाल बॉलपेन, भिंग आणि लाकडी फूटपट्टी. फूटपट्टी वाचत असलेल्या ओळीखाली ठेवायची आणि ओळीबरोबर खाली सरकवायची. सुरुवातीला ते शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे उलटे वाचायची सवय तेव्हापासूनची. ई-बुकाचं काम त्यांच्याकडे कुणी कधी दिलं नव्हतं. “त्याला कशाला प्रूफ? छापून झालेलंच पुस्तक ना ते,” असं त्यांना सांगण्यात आलं होतं. हे वाक्य तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी उच्चारलं असणार.

मी हट्ट धरला आणि आम्ही जुन्या पद्धतीने बसलो. मी छापील पुस्तक मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट. ते माझ्या रूपांतरित फाइलच्या प्रिंटवर फूटपट्टी धरून बसणार. “अवतरण सुरू, काय रे स्वल्पविराम कुठं निघालास प्रश्नचिन्ह अवतरण बंद.” पहिल्या दिवशी शेजारच्या टेबलावरची हिशेबनीस मुलगी हसून हसून बेजार झाली. तिसऱ्या दिवसापासून ती कथा ऐकायला लागली.

चौथ्या दिवशी मी वाचलं, “आई दारात उभी होती पूर्णविराम.”

काका म्हणाले, “थांब. इथे ‘आई दारात रडत उभी होती’ आहे.”

मी पुन्हा वाचलं. छापील पुस्तकात ‘रडत’ नव्हतं. काकांनी पुस्तक घेतलं, भिंग लावलं, खिडकीशी गेले. मग मला बोलावून बोट ठेवलं. ‘दारात’ आणि ‘उभी’ यांच्यामध्ये जरा जास्तच जागा सुटलेली होती. एका शब्दाची फट. ओळ ताणून बसवताना अशा फटी राहतात, माझं लक्षही गेलं नसतं.

“ही मी पाडली,” ते म्हणाले.

त्या काळी डीटीपीचं पान लेझर प्रिंटरवर बटर पेपरवर काढायचे, त्यावरून प्लेट व्हायची. शेवटच्या क्षणी दुरुस्ती आली तर पान परत काढायचं, नाहीतर नवीन शब्द वेगळा काढून बटरवर चिकटवायचा. या कादंबरीचा फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, संध्याकाळी प्लेटला जाणार होता. लेखक दुपारी लुनावर आले, घामाघूम, आणि म्हणाले, ‘रडत’ काढा. सेंटर बंद, ऑपरेटर जेवायला गेलेला. काकांनी ब्लेड घेतलं आणि बटरवरून तेवढाच शब्द खरवडून काढला. पुस्तक छापलं. दुसरी आवृत्तीही जपून ठेवलेल्या त्याच बटरवरून निघाली, फटीसकट. सीडीवरच्या फाइलला यातलं काहीच कळलं नाही. लेखक पुढे वारले.

आणि त्या सीडीवरून, कुणीही पुस्तकाशी ताडून न बघता केलेलं ई-बुक आधीच तीन वर्षं विक्रीला होतं. त्यात आई रडते आहे. पैसे देऊन विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर रडते आहे.

त्या एका पुस्तकात फाइल आणि छापील प्रत यांच्यात अशा एकतीस जागा निघाल्या. बहुतेक किरकोळ, एखादा स्वल्पविराम, एखादं ‘पण’. सात-आठ ठिकाणी मात्र अर्थच बदलत होता. एका जागी आख्खं वाक्य फाइलमध्ये नव्हतंच. ते चिकटवलेलं, आणि पुस्तकात किंचित तिरकं छापलेलं. काका पानं उलटत सांगत होते, “हे चिकटवलंय. हे पण. हा ‘नाही’ बघ, शाई फिकी आहे, दुसऱ्या दिवशीची प्रिंट.” मी मराठीची विद्यार्थिनी. संत साहित्याच्या पाठभेदांवर आम्हाला एक आख्खा पेपर आहे. २००३ च्या कादंबरीला पाठभेद असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर प्रकाशकहो, माझं म्हणणं एवढंच आहे. १९९० पासून पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तुम्ही काढलेल्या पुस्तकांचा शेवटचा, लेखकाने मान्य केलेला मजकूर तुमच्या सीडीत, पेन ड्राइव्हमध्ये, ऑपरेटरच्या हार्ड डिस्कमध्ये नाही. तो फक्त छापील प्रतीत आहे. आणि तुमच्या कार्यालयीन प्रतींची अवस्था मी पाहिली आहे. एका प्रतीला कसरीने आरपार बोगदा पाडला होता, पान ११ ते पान ६४.

ई-बुक विकलं जात नाही, हे तुमचं उत्तर मला माहीत आहे. विक्रीचा मासिक तक्ता मला दाखवला गेला, आकडे पाहून मीही गप्प बसले. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत, पण लाट वगैरे काही आलेली नाही. ई-पुस्तकावरचा जीएसटी २०१८ च्या जुलैत १८ वरून ५ टक्के झाला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांनाच. छापील पुस्तकाला शून्य. खर्च मात्र रोख. हे सगळं मान्य. पण ‘रडत’ची भानगड फक्त ई-बुकाची नाही. तुम्ही उद्या त्याच कादंबरीची तिसरी आवृत्ती काढाल, बटर कधीच रद्दीत गेलेला असेल, मग ऑपरेटरला सीडी द्याल आणि नव्या कागदावर, नव्या मुखपृष्ठात, लेखकाने काढून टाकलेला शब्द परत छापाल. मागणीनुसार पन्नास-पन्नास प्रती छापायची सोय आता आहे. त्यासाठीही फाइलच लागते. कोणती फाइल?

पायरसीच्या भीतीचं ऐकून मात्र मला हसू येतं. टेलिग्रामवर फिरणाऱ्या तुमच्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ मी पाहिल्या आहेत. कुणीतरी छापील पुस्तक मोबाइलने पानागणिक टिपलेलं असतं, कोपऱ्यात अंगठा दिसतो. त्याला तुमच्या ई-बुकाची गरज पडली नाही. आणि गंमत अशी की त्या चोरट्या प्रतीत आई रडत नाही, मजकूर बरोबर आहे.

काम कसं करावं याचा एक मार्ग मला सापडला, तो देऊन टाकते. नुसती जुनी फाइल रूपांतरित केली तर वरच्या सगळ्या चुका येतात. नुसतं छापील पुस्तक स्कॅन करून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचून घेतलं तर ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ‘थ’चा ‘य’ होतो, आणि ‘ख’चा ‘रव’. पण या दोघांच्या चुका वेगवेगळ्या असतात. कन्व्हर्टर जिथे चुकतो तिथे ओसीआर सहसा चुकत नाही आणि उलट. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून फरक दाखवणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरला दिले की दोघांचं जिथे जुळत नाही तेवढ्याच जागा रंगवून समोर येतात. चिकटवलेलं वाक्य, खरवडलेला शब्द, तेही तिथेच सापडतात. मग काकांसारख्या माणसाने फक्त त्या जागांवर फूटपट्टी ठेवायची. पहिल्या कादंबरीला मोठ्याने वाचून आम्हाला नऊ दिवस लागले. दुसरं, तेवढ्याच जाडीचं पुस्तक या पद्धतीने चार दिवसांत झालं. ‘आचार्य’ तरी सुटतात कधीकधी, हे कबूल. म्हणून शेवटी ‘र्य’ असलेला प्रत्येक शब्द शोधून नजरेखालून घालायचा.

यात खर्च कुणावर करायचा तेही सांगते, कारण तिथेच तुम्ही हात आखडता. ऑपरेटर ताईंना मी भाबडेपणाने विचारलं, तुम्ही युनिकोडमध्ये का नाही टाइप करत? त्यांनी काम न थांबवता उत्तर दिलं, “पानावर पैसे मिळतात गं मला. नवीन शिकताना माझा स्पीड अर्धा झाला तर उरलेले अर्धे पैसे कोण देणार, तुझं युनिकोड?” खरं तर बोटांना सवय असलेला टाइपरायटरचा कीबोर्ड तसाच ठेवून युनिकोडमध्ये टाइप करता येतं. दोन-तीन महिने अडखळायला होईल, तेवढंच. त्या दोन-तीन महिन्यांचा फरक तुम्ही भरून द्या. आणि मुद्रितशोधकाला ई-बुकाच्या प्रूफचे वेगळे पैसे द्या, श्रेयपानावर त्याचं नाव द्या. काकांचं नाव चाळीस वर्षांत किती पुस्तकांवर आलं असेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, “चूक राहिली की यायचं, पत्रात.”

ई-बुक म्हणून पीडीएफ विकणाऱ्यांशी जरा वेगळं बोलायचं आहे. माझा एक वर्गमित्र पूर्ण दृष्टिहीन आहे. तो एनव्हीडीए नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरतो, ते पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतं. मी त्याला आपल्याकडची एक पीडीएफ दिली, अभ्यासक्रमात असलेल्या पुस्तकाची, दुकानात पैसे मोजून घेतलेली. त्याने कानाला हेडफोन लावले, मिनिटभर ऐकलं आणि एक बाजू माझ्या कानाला लावली. आतून कुणीतरी अखंड ‘डॉलर, कंस, यू, टक्के, कंस’ म्हणत होतं. तोच धडा मी रूपांतर केलेल्या फाइलमधून दिला तेव्हा त्याने वेग वाढवून, मला एक शब्दही कळणार नाही इतक्या वेगाने, अकरा मिनिटांत ऐकून संपवला. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं खुली करणारा मराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. आपण ‘डॉलर, कंस’ विकतो आहोत.

करारनाम्यांबद्दल थोडक्यात. मी वकील नाही, पण ई-बुक करायचं म्हणून मला करारांची फाइल चाळायला दिली होती. बहुतेक जुने करार एका पानाचे, ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ एवढ्यावर संपणारे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेली दुरुस्ती सांगते की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा हक्क त्या करारात आपोआप येत नाही; त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख लागतो. आणि हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलेलं नसेल तर ते पाच वर्षांपुरते समजतात, हे तर कायद्यात त्याआधीपासूनच आहे. तुमच्या १९९५ च्या करारात ई-पुस्तक कुठून येणार? एका दिवंगत लेखकाच्या मुलीला मी फोन केला, परवानगीसाठी. त्या पहिल्यांदा रागावल्या, कारण बाबांचं पुस्तक ई-बुक म्हणून आधीच विकलं जातंय हे त्यांना माझ्याकडून कळलं. मग अर्धा तास बाबांबद्दल बोलल्या, आणि परवानगी दिली. आधी विचारलं असतं तरी दिलीच असती.

अभिजात दर्जा मिळाला तेव्हा, ३ ऑक्टोबर २०२४ ला, आमच्या विभागात पेढे वाटले होते. तुमच्याकडेही वाटले असतील. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांतले लेख हा त्या दर्जाच्या दाव्यातला एक मोठा आधार होता, आणि ते आजही वाचता येतात. नाणेघाटातल्या त्या भिंतीवर डोंगल लागत नाही, असं मी माझ्या ओजेटीच्या अहवालात लिहिलं. मार्गदर्शकांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आहे. अहवालाच्या छापील फॉर्ममध्ये ‘आत्मसात केलेली कौशल्ये’ असा रकाना होता, दोन ओळींचा. मी लिहिलं : ईपब तयार करणे, मेटाडेटा भरणे, ओसीआर. तिसरी ओळ असती तर ‘फट ओळखणे’ असं लिहिलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या मागून येणारी मुलं तुमच्या दारात येतील. त्यांना सूर्यास्तावर सुविचार चिकटवायला बसवू नका. एक पुस्तक द्या, एक छापील प्रत द्या आणि जो कुणी म्हातारा मुद्रितशोधक तुमच्याकडे अजून येतो त्याच्या शेजारी बसवा. जमल्यास बसभाड्यापुरतं तरी मानधन द्या. मला मिळालं, शेवटच्या दिवशी पाकिटात, पण आधी माहीत असतं तर मेसचे पैसे उसने घ्यावे लागले नसते. काका म्हणतात त्यांच्या ओळखीत हे बटर, हे ब्लेड आठवणारी पाच-सहा माणसं आता पुण्यात उरली आहेत, आणि त्यातल्या दोघांना दिसत नाही.

दुरुस्त केलेली फाइल मी निघायच्या आदल्या दिवशी विक्रीच्या ठिकाणी चढवली, जुनी उतरवली. श्रेयपानावर ‘ई-आवृत्तीचा मजकूर छापील दुसऱ्या आवृत्तीवरून तपासला आहे’ अशी ओळ घालून घेतली. साहेबांनी ती एकदा काढली होती, मी परत घातली. शुक्रवार होता, काका आले होते. त्यांना मोबाइलवर ते पान उघडून दाखवलं. अक्षर मोठं केलं तशी ओळ तुटून खाली गेली, ‘आई दारात’ वर आणि ‘उभी होती’ खाली. फट कुठे शोधायची ते त्यांना कळेना. त्यांनी पिशवीतून फूटपट्टी काढली, मोबाइलच्या काचेवर ओळीखाली धरली आणि सरकवायला गेले, तर काचेला बोट लागून पान उलटलं.

आपली नम्र,
एम.ए. मराठीची एक विद्यार्थिनी
पुणे

ता. क. : यूएसबीवरचा तो सीडी ड्राइव्ह वर्गमित्राला महिनाअखेर परत द्यायचा आहे. तोवर तुमच्यापैकी कुणाला आपला खोका उघडून पाहायचा असेल तर निरोप द्या, मी घेऊन येते. आमच्या खोक्यातल्या सात सीडींवर बुरशी धरली होती, त्या उघडल्याच नाहीत.